मांडवावर दुधीचा ढीग लागला तर: सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी सल्ला

जून-जुलैत लावलेला दुधी ऑगस्टअखेर तोड्याला येतो. सप्टेंबर लागला की दिंडोरी, निफाड, सिन्नर अशा सगळ्या बाजूंचा माल एकाच वेळी नाशिकच्या बाजार समितीत उतरू लागतो. गौरी-गणपती आणि पितृपक्षात थोडा उठाव असतो, एरवी भाव बसलेलाच. लिलावाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून हाती येणाऱ्या रकमेतून, तोडणी, भाडे आणि हमाली सुटत नसेल, तर तो माल गाडीत भरण्यात अर्थ नाही. पण वेलावर सोडून देणे त्याहून वाईट. फळ वेलावर जून झाले की वेल आपली ताकद त्यातल्या बियांकडे वळवतो, पुढची फळधारणा मंदावते आणि आठ-पंधरा दिवसांनी भाव सुधारला तरी विकायला कोवळा माल उरत नाही. त्यामुळे भाव असो नसो, तोडा दर दोन-तीन दिवसांनी करायचाच.

तोडा सकाळी, दव उडाल्यावर करा. दोन-तीन सें.मी. देठ ठेवून कात्रीने कापा, पिळून ओढू नका. फळ धुऊन साठवू नये. ओरखडा पडला की तिथे तपकिरी डाग येतो आणि कूज तिथूनच सुरू होते. क्रेटच्या तळाला कागद घाला आणि शेजारी पिकलेली केळी, टोमॅटो ठेवू नका. सावलीच्या हवेशीर खोलीत कोवळा दुधी चार-पाच दिवस चांगला राहतो. शीतगृहात ठेवायचा असेल तर तापमान 10 अंशांखाली जाऊ देऊ नका. सालीवर खड्डे पडून पाणी सुटते आणि बाहेर काढल्यावर दोन दिवसांत माल बसतो.

प्रतवारी बांधावरच करा. नख सहज रुतते आणि सालीवर लव आहे, तो बाजारासाठी आणि रोजच्या भाजीसाठी. नख जोर लावल्यावर रुतते, गर पांढरा घट्ट आहे, बी धरू लागले आहे, तो हलवा, टूटीफ्रूटी आणि सांडग्यांसाठी. उलट हाच माल तिथे जास्त चांगला. कोवळ्या दुधीचा कीस शिजून लगदा होतो.

कडू दुधीत तडजोड नाही. फळ कापल्यावर देठाकडची आणि टोकाकडची एकेक चकती काढून जिभेच्या टोकाला लावा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा आणि अख्खे फळ फेकून द्या. हा कडूपणा कुकरबिटासिन या द्रव्यांचा असतो. उकळून, मीठ लावून किंवा साखर घालून तो विषारीपणा जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत. रस काढणाऱ्यांनी दर फळ वेगळे चाखावे, कारण एका वेलावरची चार फळे गोड म्हणून पाचवे गोड असेलच असे नाही. असा रस पिऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता मुख्य प्रश्न पाण्याचा. दुधीत 95-96 टक्के पाणी असते. दुधीचा कुठलाही पदार्थ बिघडला की बहुतेक वेळा कारण हेच. नुसते वाळवून ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण हिशेब करून बघा: 10 किलो दुधीतून साल आणि मधला भाग काढून 7 किलो गर मिळतो आणि वाळल्यावर हाती जेमतेम 300 ते 400 ग्रॅम. एवढ्यासाठी ड्रायरचे वीजबिल भरणे परवडत नाही.

सांडगे मात्र परवडतात, कारण वजन डाळीचे असते. किसून पिळलेला दुधी 1 किलो, उडीद डाळ अर्धा किलो, हिरवी मिरची 50 ग्रॅम, धने-जिरे, हिंग आणि 25 ग्रॅम मीठ. डाळ पाच-सहा तास भिजवून पूर्ण निथळा आणि पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाटा. मीठ अगदी शेवटी, घालायला बसताना मिसळा. आधी घातले तर कीस पुन्हा पाणी सोडतो, सांडगे पसरट होतात आणि वाळण्याआधी आंबतात. ऑक्टोबर हीटचे कडक ऊन तीन-चार दिवस सलग हवे. मध्येच परतीचा पाऊस आला तर बुरशी धरते, म्हणून हवामान खात्याची मंगळवार-शुक्रवारची कृषी हवामान पत्रिका पाहूनच डाळ भिजत घाला. सांडगा मोडल्यावर कट्ट आवाज आला की वाळला. आत लवचिक लागला तर डब्यात भरू नका.

हलव्यासाठी 1 किलो कीस घ्या, हलक्या हाताने पिळा. निघालेले पाणी ओतू नका, थालीपिठाची भाजणी त्यातच भिजते. 40 ग्रॅम तुपात कीस मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे परता. कच्चा वास गेला आणि कीस पारदर्शक दिसू लागला की अर्धा लिटर म्हशीचे दूध घालून आटवा. दूध पूर्ण आटल्यावरच 200-250 ग्रॅम साखर आणि 150 ग्रॅम खवा. साखर लवकर पडली तर कीस चिवट होतो आणि शिजायला नको म्हणतो. ढीग संपवायचा तर पूर्ण हलवा करून ठेवू नका, खव्यामुळे तो फ्रिजमध्येही चार-पाच दिवसच टिकतो. तुपात परतलेला कीस गार करून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत चपटा भरा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. दोन-तीन महिने चालतो, म्हणजे नवरात्र आणि दिवाळी दोन्ही निघतात. केटरिंगवाल्यांना असा तयार कीस दाखवून बघा. किसण्याची कटकट वाचते म्हणून ते घेतात.

बचत गटांनी हात घालावा असा पदार्थ टूटीफ्रूटी. पपईचीच हवी असे काही नाही. घट्ट गराचे एक सें.मी.हून लहान चौकोनी तुकडे करा. 1 लिटर पाण्यात 15 ग्रॅम खाण्याचा चुना ढवळा, वरची निवळी घ्या, त्यात तुकडे तीन तास भिजवा. चुन्याने गर कडक राहतो. मग तीन-चार पाण्यांनी धुवा, नाहीतर चव तुरट येते. उकळत्या पाण्यात पाच मिनिटे उकडून निथळा. 1 किलो तुकड्यांना 750 मिली पाण्यात अर्धा किलो साखरेचा पाक करा, त्यात तुकडे पाच मिनिटे उकळून 24 तास झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी तुकडे काढून पाकात पाव किलो साखर घाला, उकळा, तुकडे परत टाका. तिसऱ्या दिवशी तसेच, सोबत 2-3 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे साखरेचे खडे धरत नाहीत. पुढे रोज पाक थोडा आटवत 68-70 ब्रिक्सपर्यंत, म्हणजे शंभर ग्रॅम पाकात 68-70 ग्रॅम साखर होईपर्यंत, न्या. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकण्याचा मोह आवरा. आतले पाणी झपाट्याने बाहेर येते, साखर तेवढ्या वेगाने आत जात नाही आणि तुकडे मनुक्यासारखे सुरकुततात.

द्राक्षवाल्यांच्या घरी ब्रिक्स मीटर असतोच, पण तो बहुधा 0 ते 32 चा. घट्ट पाक त्यावर दिसणार नाही. गार पाक 25 ग्रॅम आणि पाणी 50 ग्रॅम नीट मिसळा, आलेल्या आकड्याला तीनने गुणा. 23 आला म्हणजे पाक 69.

तुकडे निथळून जाळीवर पंख्याखाली वाळवा, बोटाला चिकटेनासे झाले की हवाबंद बरण्यांत भरा. रंग खाद्य परवानगीचाच वापरा. विक्री करणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी काढा.

सालीची चटणी फक्त कोवळ्या दुधीची, आणि औषध फवारले असेल तर लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोड्यासाठी थांबायचे दिवस, उलटल्यावरच. साली बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुके खोबरे, लसूण, लाल मिरची घालून कुटा. ओलसर साल राहिली तर दुसऱ्या दिवशी वास येतो.

जून झालेला पण गोड माल जनावरांना चालतो. तुकडे करूनच घाला, अख्खा किंवा मोठा तुकडा घशात अडकतो. सुरुवात दिवसाला दोन-तीन किलोने, सोबत कडबा हवाच. नुसत्या दुधीने शेण पातळ होते. कडू माल गोठ्यातही नेऊ नका.

डंख लागलेली, आतून अळी पडलेली फळे बांधावर फेकण्याची सवय सोडा. फळमाशी तिथल्याच मातीत कोष करते आणि पुढच्या तोड्यावर येते. अशी फळे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. मांडवात एकरी आठ-दहा क्यू ल्यूर सापळे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) टांगलेले असू द्या आणि ल्यूर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला.