चोर हद्द ओलांडून पळाला तर काय करायचं, सीमेवरच्या लोकांसाठी

आपल्याकडं उदगीरहून निघालं की बिदर, देगलूर सोडलं की जरा वेळात तेलंगणा, उमरग्याच्या पुढं परत कर्नाटक. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं दोन्हीकडं, त्यामुळं सीमा आहे हे एरवी ध्यानातच येत नाही. पण गाडी चोरीला गेली की पहिलं काय ऐकायला मिळतं तर "हे आमच्या हद्दीत येत नाही". माझ्या मामाचं पिकअप गेलं त्या रात्री आम्ही दोन ठाण्यांच्या मधी तीन तास येरझाऱ्या घातल्या आणि तेवढ्यात पिकअप पार झालं. तेव्हा जे माहीत नव्हतं ते लिहायलोय.

आधी कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ च्या आधी हेच सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४८ होतं. ज्याला वॉरंटशिवाय अटक करता येते अशा माणसाचा पाठलाग पोलीस भारतात कुठंही करू शकतात, जिल्हा बदलला म्हणून किंवा राज्य बदललं म्हणून गाडी थांबवायची गरज नाही. आणि तक्रारीसाठी कलम १७३, गुन्हा कुठंही घडलेला असो, तुम्ही ज्या ठाण्यात जाल तिथं ती घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ते कागद हद्दीच्या ठाण्याला पाठवतात. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच घेतली तर एसपी साहेबांना लेखी अर्ज पोस्टानं पाठवा, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं.

पण हे सगळं नंतरचं, पहिल्या दहा मिनिटांत फक्त ११२ लावा. सीमेजवळ मोबाईल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो त्यामुळं कॉल तिकडं लागू शकतो, समोरचा माणूस कन्नड नाहीतर तेलुगू बोलला तर फोन ठेवू नका, हिंदीत बोला आणि सगळ्यात आधी राज्य, जिल्हा, तालुका, रस्ता सांगा. मग गाडीचा नंबर, रंग, काचेवर काय लिहिलंय, कुठला दिवा फुटलाय, कुठल्या दिशेला गेली. एवढं विचारायचं कारण असं की एकच गाडी शेवटपर्यंत मागं पळत नाही, कंट्रोल रूमवरून पुढच्या ठाण्याला निरोप जातो आणि तिथं नाकाबंदी लागते, म्हणजे समोर उभा राहणाऱ्या शिपायाला गाडी ओळखू यायला पाहिजे. "पांढरं पिकअप" म्हणलं तर अशी शंभर जातेत रोडनं.

चारचाकी असेल तर फास्टॅगचा मेसेज बघत राहा. चोरानं टॅग काढला नसेल तर टोल कटल्याचा एसएमएस तुमच्याच मोबाईलवर येतो, नाक्याच्या नावासकट. तो लगेच पोलिसांना दाखवा आणि टॅग घाईनं ब्लॉक करू नका, आधी त्यांना विचारा. बैल-म्हैस गेली असेल तर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर द्या, तो घरी लिहून ठेवायची सवय लावा बाबांनो.

आता जे मला तळमळून सांगायचंय ते. तुम्ही स्वतः मागं पळू नका आणि ग्रुपवर "अमुक गाडी अडवा" असं टाकू नका. २०१८ च्या जुलैत बिदर जिल्ह्यातल्या मुर्की गावात असंच झालं, मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी एका कारचा पाठलाग केला, पुढच्या गावाला व्हॉट्सॲपवर निरोप गेला, रस्ता अडवला, गाडी उलटली आणि जमावानं मारलं. हैदराबादचा एक तरुण जिवानिशी गेला, त्याचा काहीच गुन्हा नव्हता. आपल्या उदगीरपासून ते गाव लांब नाही. तुमच्या डोळ्यादेखत चोरी करताना कुणी सापडलाच तर कायद्यानं धरून ठेवता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं आणि तोवर अंगाला हात लावायचा नाही.

वर सांगितलेल्या कलम ४५ नंच तिकडचे पोलीसही आपल्या गावात येऊ शकतात हे विसरू नका. कुणाला न्यायला आले तर अडवू नका, पण छातीवरची नावाची पट्टी वाचा, अटकेच्या कागदावर घरच्याची किंवा गावातल्या जाणत्या माणसाची सही घ्यायला सांगा, कुठल्या ठाण्यात नेतायत ते लिहून घ्या. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं.

गाडी तिकडं सापडली तरी लगेच घरी येत नाही, ती मुद्देमाल असते, कोर्टाच्या ऑर्डरनं सोडवावी लागते. ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स, आधार, एफआयआरची कॉपी असं सगळं घेऊन जा आणि इन्शुरन्सवाल्यांना चोरीच्याच दिवशी कळवलेलं असू द्या. तिकडचे कागद कन्नडमधी असतेत, तेव्हा बिदरकडचा कुणी पाव्हणा असेल तर त्याला सोबत घ्या, वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.