उन्हाळी फ्रॉकसाठी जाळीची वीण

लहान मुलीच्या उन्हाळी फ्रॉकसाठी लोकरीऐवजी बारीक सुती दोरा घ्यावा आणि १० नंबरऐवजी ८ नंबरच्या सुया वापराव्यात (आकडा लहान तितकी सुई जाड), म्हणजे जाळी मोकळी पडते. घेरासाठी १८ च्या पटीत टाके घालावेत. पहिली ओळ सुलट व दुसरी उलट विणावी. तिसरीत दोन टाके एकत्र असे तीनदा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असे सहादा आणि पुन्हा दोन एकत्र असे तीनदा विणून चौथी ओळ पूर्ण सुलट घ्यावी. तिसऱ्या ओळीनंतर टाके मोजावेतच, कारण पुढे घेतलेला दोरा हमखास निसटतो. सुती वीण स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून नमुन्याचा तुकडा धुऊन वाळवल्यावरच उंचीचे माप धरावे.