आई-बाबा अमेरिकेत येताना: स्वस्त प्रीपेड सिमची सोय कशी करावी

आई-बाबा सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे अमेरिकेत येणार असतील, तर त्यांच्या फोनचं काम निदान महिनाभर आधी हातात घ्या. बहुतेक जण सर्वांत स्वस्त प्लॅन शोधत बसतात. माझ्या मते आधी त्यांचा फोन बघायला हवा, कारण तो इथे चाललाच नाही तर स्वस्त सिमचा काही उपयोग नाही.

त्यांना *#०६# डायल करून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाठवायला सांगा. ज्या कंपनीचं सिम घेणार तिच्या वेबसाइटवर तो टाकला की फोन चालेल का ते कळतं. हे टाळू नका. इथली मोठी ३जी नेटवर्क २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे साधा कॉल करायलाही फोनला व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, लागते. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोनांमध्ये १२, १३ आणि ७१ हे बँड, म्हणजे सिग्नलच्या ठराविक लहरी, नसतात. घराच्या आत आणि गावाबाहेर सिग्नल पोचतो तो मुख्यतः याच बँडवर. असा फोन शहरात बरा चालतो आणि लांबच्या प्रवासात मुका होतो. आयएमईआय नापास झाला तर इथलाच एखादा साधा अनलॉक्ड (कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा) फोन घेऊन ठेवा.

मग नेटवर्क निवडा. देशभर पसरलेली मोठी नेटवर्क तीनच: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. स्वस्त कंपन्या त्यांच्याच टॉवरवर चालतात. मिंट आणि टेलो टी-मोबाइलवर, व्हिजिबल व्हेरायझनवर, क्रिकेट एटी अँड टीवर. तुम्ही ऑफिसला गेल्यावर आई-बाबा जिथे असतील, संध्याकाळी जिथे फिरायला जातील, तिथे कोणाचा सिग्नल चांगला येतो ते शेजाऱ्यांना विचारा.

आता प्लॅन. घरी वायफाय असतंच, त्यामुळे अमर्याद डेटावर पैसे घालवू नका. महिन्याला २ ते ५ जीबी पुरतो. टेलोवर अमर्याद कॉल आणि थोडा डेटा साधारण १० डॉलरमध्ये बसतो. मिंटचा सुरुवातीचा दर महिना १५ डॉलर आहे, पण तीन महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात. पुढच्या तीन महिन्यांना तोच दर मिळेल असं धरू नका, आधीच विचारून घ्या. या आकड्यांवर कर वेगळा लागतो, आणि दर बदलत असल्याने घेताना पुन्हा बघा. एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही: मोजक्या मिनिटांच्या प्लॅनमध्ये इथे इनकमिंगची मिनिटंही कापली जातात. म्हणून कॉल अमर्यादच घ्या. प्रीपेडला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, जो पाहुण्या आई-बाबांकडे नसतो) लागत नाही. सिम आधीच मागवून ठेवा म्हणजे विमानतळावरच्या महागड्या काउंटरची गरज पडत नाही. तुमच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून किती पडतं तेही बघा. कधी तेच स्वस्त निघतं.

सर्वांत जास्त पंचाईत होते ती भारतातल्या नंबरची. बँकेचे ओटीपी, पेन्शनचे मेसेज, सगळं त्यावर येतं. ते सिम काढून डब्यात ठेवू नका. दुसऱ्या स्लॉटमध्ये राहू द्या किंवा अमेरिकेचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारं सिम) घ्या. भारतातून निघायच्या आधीच त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि परतीच्या तारखेपुढे जाईल इतकी व्हॅलिडिटी भरा. इथे उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि त्यावर आलेले कॉल उचलू नका, रोमिंगचे पैसे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलायचा का विचारलं तर नको म्हणा.

पहिल्या आठवड्यात वायफाय कॉलिंग (वायफायवरून फोन करायची सोय) सुरू करून त्यात तुमच्या घरचा पत्ता भरा; वायफायवरून ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, कॉल गेला तर मदत त्या पत्त्यावर पाठवता येते. ‘पोलिस बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक’ असे कॉल येतात. अनोळखी नंबर उचलायचाच नाही, हे आईला आणि बाबांना वेगवेगळं, शांतपणे समजावून सांगा. नायगाराला जाल तेव्हा फोन कॅनडाचा टॉवर पकडू शकतो. प्लॅनमध्ये कॅनडा नसेल तर तेवढ्यापुरतं रोमिंग बंद करा.

ते परत गेल्यावर ऑटो-पे बंद करायला विसरू नका, नाहीतर कोणी न वापरणाऱ्या नंबरचे पैसे तुमच्या कार्डावरून जात राहतील.