विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवं ते पुस्तक कसं मिळवायचं

मुंबई विद्यापीठाची दोन ग्रंथालयं दोन टोकांना आहेत. फोर्टात राजाबाई टॉवरखाली जुनं ग्रंथालय आणि कलिन्याच्या विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. त्यामुळे लोकल पकडण्याआधी ऑनलाइन कॅटलॉग, म्हणजे ओपॅक, उघडून पुस्तक कुठल्या आवारात आहे, ते आत आहे की कुणी नेलंय आणि घरी मिळतं की तिथंच बसून वाचायचं, एवढं बघून घ्या.

ओपॅकवर ‘नो रिझल्ट’ आलं म्हणजे पुस्तक नाही, असं धरू नका. बहुतेक वेळा घोळ स्पेलिंगचा असतो. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये केलेल्या असतात. रोमनमध्ये ‘आगरकर’ सुरुवातीला एका ‘ए’नेही सापडतील, दोन ‘ए’नेही, ‘व’साठी कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. म्हणून पूर्ण शीर्षक टाकू नका. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एकच ठळक शब्द टाका, मग स्पेलिंग बदलून पुन्हा बघा. शहरावरची इंग्रजी पुस्तकं शोधताना ‘मुंबई’ आणि ‘बॉम्बे’ दोन्ही टाकून बघा. 1995 पूर्वीच्या पुस्तकांच्या नावात बहुधा ‘बॉम्बे’च असतं.

पुस्तक सापडलं की कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, पूर्ण उतरवून घ्या, खालच्या अक्षरांसकट. आकडे विषय सांगतात, अक्षरं बहुधा लेखक. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46 मध्ये येतं: कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463. साहित्याचा इतिहास मात्र 891.4609 वर, म्हणजे कवितेच्याही आधी. नवखे वाचक चुकतात ते इथेच. टिंबानंतरचा आकडा अख्खी संख्या म्हणून वाचायचा नाही, एकेक अंक बघत जायचं. म्हणून 330.12 आधी आणि 330.9 नंतर. जागेवर पुस्तक नसेल तर आजूबाजूचे दोन-तीन कप्पे बघा. वाचून झालेली पुस्तकं चुकीच्या ठिकाणी खोचली जातात. तरीही नसेल तर काउंटरवर कॉल नंबर दाखवून विचारा. ते परत आलेल्या ढिगात किंवा बाइंडिंगला असू शकतं. बंद कपाटातल्या, दुर्मीळ ग्रंथांसाठी मागणी चिठ्ठी भरावी लागते, तेव्हा वेळ हातात ठेवूनच जा.

किती पुस्तकं, किती दिवस, हे एमए, पीएचडी, शिक्षक यांना वेगवेगळं असतं. कार्ड घेतानाच नियमांचा कागद मागून घ्या. संदर्भग्रंथ आणि नियतकालिकांचे बांधीव खंड सहसा घरी मिळत नाहीत. पुस्तक हातात आलं की काउंटर सोडण्याआधी पानं चाळा. पान फाटलेलं, नकाशा गायब, पेनाच्या रेघा असं काही दिसलं तर तिथंच दाखवून नोंद करून घ्या, नाहीतर परत करताना भरपाई तुमच्यावर येते. मुदत संपायच्या दोन दिवस आधी नूतनीकरण करा. दुसऱ्याने पुस्तक राखून ठेवलं असेल तर नूतनीकरण मिळत नाही आणि दंड दिवसागणिक चढतो.

ई-जर्नल्स आता खरंच मोठी सोय आहे. 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. घरून वाचायचं तर लॉगिन लागतं. ते ग्रंथालयाकडूनच मागून घ्या. खासगी महाविद्यालयात असाल तर आपली संस्था योजनेत आहे का, ते आधी विचारा.

‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले पीएचडीचे प्रबंध मात्र कुणालाही लॉगिनशिवाय वाचता येतात. बहुतेकदा तिथे प्रकरणांच्या वेगळ्या फायली असतात. पहिल्यांदा संदर्भसूचीची फाइल उघडा. तुमच्या विषयावर आधी कुणी काय वाचलंय ते एका जागी मिळतं, आणि तीच यादी घेऊन ओपॅकवर बसलात की बराच शोध वाचतो.

बाहेरच्या वाचकांनी महाविद्यालयाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र न्यावं. परवानगी बहुधा बसून वाचण्यापुरतीच मिळते. आणि शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी पुस्तकं परीक्षेआधीच जमा करून नो ड्यूजची, म्हणजे काही देणं बाकी नसल्याची, सही घ्यावी, कारण एक पुस्तक जरी नावावर राहिलं तरी पुढची कागदपत्रं अडतात.