जुनं लाइव्ह ऑपेरा रेकॉर्डिंग पारखताना: दोष टेपचा की गळ्याचा?

जुन्या लाइव्ह ऑपेराबद्दल ‘आवाज काही खास नाही’ असं कुणी म्हणतं, तेव्हा त्यात बहुतेक वेळा दोन तक्रारी मिसळलेल्या असतात. एक गायकाबद्दलची, दुसरी यंत्राबद्दलची. त्या सुट्या करता येणं हीच खरी पारख. म्हणून पहिल्यांदा ऐकताना गाण्याबद्दल मत बनवूच नये. आधी यंत्राचा हिशेब पूर्ण करावा.

वेग आणि पट्टी

सुरुवात वेगापासून. टेप साधारण ६ टक्के जोरात फिरली की सगळं अर्ध्या स्वराने चढतं, आणि नुसता सूरच चढत नाही. आवाज पातळ आणि तरुण वाटतो, व्हायब्रेटो (स्वराचं नियमित कंपन) चुरचुरीत होतो, ताना जास्त सफाईदार भासतात. टेप हळू असेल तर उलट: आवाज जाड, गडद, थकलेला. म्हणजे वेग चुकला की गायकाबद्दलचं जवळजवळ प्रत्येक मत चुकतं.

ट्यूनर अ‍ॅप लावून ऑर्केस्ट्राचा एखादा ठाशीव, स्थिर भाग तपासा. ऑर्केस्ट्रा ज्याच्यावर वाद्यं जुळवतो तो ‘ए’ स्वर साधारण ४४० ते ४४५ हर्ट्झच्या दरम्यान यायला हवा. हे प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी करा, कारण वेग हळूहळू सरकत गेलेला असू शकतो. एकट्या आरियावर (एकल गाण्यावर) मात्र विसंबू नका. व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरामधलं ‘दि क्वेल्ला पिरा’ मुळात सी मेजरमध्ये आहे, पण अनेक टेनर (उंच पुरुष आवाजाचे गायक) ते अर्धा स्वर उतरवून गातात. ते बी मेजरमध्ये ऐकू आलं तर त्याच अंकाच्या सुरुवातीचं सैनिकांचं समूहगान स्वरलिपीशी ताडून पाहा. ते योग्य पट्टीत असेल तर गायकाने पट्टी उतरवली आहे. तेही अर्धा स्वर खाली असेल तर टेप मंद आहे. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’तला नायिकेचा वेडाचा प्रवेश तर एफऐवजी ई-फ्लॅटमध्ये गायची रीतच पडली.

शांत जागी विजेची घूं ऐकू येत असेल तर तिचाही उपयोग होतो. युरोपात ती ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. स्पेक्ट्रममध्ये ५० च्या जागी ५३ दिसलं तर रेकॉर्डिंग अर्धा स्वर चढलेलं आहे. अर्थात ही घूं नंतर प्रत काढणाऱ्या यंत्राचीही असू शकते, त्यामुळे तिला एकमेव पुरावा मानू नये. दुरुस्ती करताना वेग बदलावा. नुसती पट्टी बदलली तर लय चुकीचीच राहते.

मायक्रोफोन कुठे होता

एएम रेडिओवरून घेतलेल्या मुद्रणात साधारण ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. झांजा आणि व्हायोलिनची चमक जाते. पण तयारीच्या ऑपेरा गायकाचा आवाज ऑर्केस्ट्रावर तरंगतो तो मुख्यतः २५०० ते ३५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या जोरामुळे, आणि तो पट्टा शाबूत असतो. त्यामुळे मळकट ऑर्केस्ट्रा ऐकून मुद्रण बाजूला टाकू नका; गळ्याबद्दल ते बरंच खरं सांगत असतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची रेडिओ प्रक्षेपणं १९३१ साली सुरू झाली. पुढे ही प्रक्षेपणं १६ इंची लॅकर (रोगणाचा लेप दिलेल्या) तबकड्यांवर उतरवली जात, एका बाजूला सुमारे १५ मिनिटं. सुई आतल्या वर्तुळांकडे गेली की वरचे स्वर मंदावतात आणि नव्या तबकडीवर एकदम उजळतात. गायिका दर पंधरा मिनिटांनी ‘थकते’ आणि पुन्हा ‘ताजी’ होते असं वाटलं, तर कारण तबकडी आहे.

प्रॉम्प्टरची (गायकांना शब्द सुचवणाऱ्याची) कुजबुज आणि पावलांचा आवाज स्पष्ट येत असेल तर मायक्रोफोन रंगमंचाच्या कडेला आहेत. तिथे गायक मागे सरकला की आवाज पडतो. दम संपला असं समजू नये. खोकला व्हायोलिनपेक्षा जवळचा असेल तर यंत्र प्रेक्षकांत होतं. जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर नाट्यगृहात ऑर्केस्ट्राचा खड्डाच झाकलेला आहे, त्यामुळे तिथला वाद्यमेळ मागून येणं साहजिक.

तारस्वरावर खरखर आली तर तितक्याच जोराच्या ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) जागा ऐका. तिथेही तीच खरखर असेल तर ओव्हरलोड आहे, म्हणजे यंत्राला तो जोर पेलला नाही. जोरकस स्वर येताच ऑर्केस्ट्रा दबत असेल आणि नंतरच्या टाळ्या फुगून वर येत असतील तर लिमिटर (मोठा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) लागला आहे, किंवा इंजिनिअर पातळी खालीवर करतो आहे. अशा मुद्रणावरून आवाज किती मोठा होता हे ठरवताच येत नाही.

साफसफाईची परीक्षा टाळ्यांवर घ्यावी. टाळ्या सुट्या वाजायला हव्यात. त्या पाण्याखालच्या बुडबुड्यांसारख्या वाटल्या तर खरखर काढताना आवाजाचा पोतही गेला आहे. ‘स’ आणि ‘त’ बोथट झाले असतील तर खात्रीच. ‘स्टिरिओ’ लिहिलेलं असेल तर एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळा. शुद्ध मोनो (दोन्ही चॅनलवर एकच आवाज) असेल तर जवळजवळ शांतता उरते. नुसता घुमारा उरला तर स्टिरिओ बनावट आहे. १९५५ साली डेक्का कंपनीने बायरॉइटला वाग्नरची ‘रिंग’ खऱ्या स्टिरिओत मुद्रित केली, पण तो अपवाद.

आता गाणं

‘ला त्राव्हियाता’मधलं ‘अद्दिओ देल पास्सातो’ घ्या. शेवटचा वरचा ‘ए’ आवाजाच्या जेमतेम धाग्यावर धरावा, अशी व्हेर्दीची सूचना आहे. तो स्वर हलताना ऐकू आला तर आधीच्या ओबोच्या लांब स्वरांकडे जा. ओबोही तसाच हेलकावत असेल तर टेपचा वेग डळमळतो आहे. ओबो स्थिर आणि फक्त गळा हलत असेल, तर तो श्वासाच्या आधाराचा दोष. व्हायब्रेटो सेकंदाला ५ ते ७ आंदोलनांचा असला की कानाला एकसंध लागतो. त्याहून मंद आणि रुंद झाला की सूर नेमका कुठे आहे तेच कळेनासं होतं.

एका फुटलेल्या स्वरावरून निकाल देऊ नये. मधल्या आणि वरच्या आवाजाच्या सांध्यावर, त्याच दोन-तीन स्वरांवर, वेगवेगळ्या अंकांत अडखळणं दिसलं तर ती तंत्रातली उणीव. दमसास, लेगातो (स्वर न तोडता जोडून गाणं) आणि शब्दोच्चार निवांत ओळींत तपासावेत; टाळ्या मिळवणाऱ्या जागांत ते झाकले जातात. व्हेर्दीच्याच ‘आइदा’मधल्या ‘चेलेस्ते आइदा’चा शेवटचा बी-फ्लॅट अतिशय हळू, विरत जाणारा हवा, तसं स्वरलिपीत लिहिलं आहे, बहुतेक टेनर तो दणदणीत लावतात. १९५१ च्या मेक्सिको सिटीच्या ‘आइदा’त दुसऱ्या अंकाअखेर गायिका मारिया कॅलासने लावलेला ई-फ्लॅट स्वरलिपीत नाहीच. तो ऐकताना प्रेक्षकांच्या गर्जनेआधीचे क्षण ऐका: स्वर थेट मध्यावर लागला का, आणि टिकला का.

एकाच प्रयोगाच्या दोन प्रती असतील तर आधी दोन्हींची पातळी सारखी करा, कारण थोडी मोठी वाजणारी प्रत कानाला उगाचच सरस वाटते. मग दोन मिनिटांचा तोच हळुवार भाग आलटूनपालटून ऐका. खरखर जास्त, पण श्वास आणि व्यंजनं जिवंत, अशी प्रत ठेवा.