बॉल्डर्स गेट ३ : वार फुकट का जातात? या चुका टाळा

लॅरियन स्टुडिओजच्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या २०२३ सालच्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू हाताच्या अंतरावर असूनही वार फुकट जातात आणि नवा खेळाडू फाशाला दोष देऊ लागतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वार फासा पडण्याआधीच बिघडलेला असतो. वीस बाजूंच्या फाशावर आलेल्या आकड्यात संबंधित क्षमतेचा बोनस आणि प्रोफिशियन्सी बोनस (शस्त्र वापरण्याच्या प्रावीण्याचा) मिळवला जातो, आणि ही बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासला (त्याच्या बचावाच्या आकड्याला) गाठू शकली, तरच वार लागतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे चुकीच्या क्षमतेवर विसंबणे. शॅडोहार्ट या सोबतिणीचा ‘फायर बोल्ट’ हा आगीचा मंत्र सतत चुकतो, कारण वंशामुळे मिळालेला तो मंत्र बुद्धिमत्तेवर चालतो, आणि तिचे बळ मात्र विझ्डममध्ये (शहाणपणात) आहे. तलवार घेणाऱ्याची ताकद आणि धनुष्य घेणाऱ्याची चपळता पहिल्या पातळीपासूनच १६ किंवा १७ असावी. गुणांची वाटणी चुकली असेल, तर तळावरच्या विदर्स या पात्राला १०० सुवर्णनाणी देऊन ती नव्याने करता येते.

दुसरी चूक धनुर्धाऱ्यांची. शत्रू दीड मीटरच्या आत असताना बाण सोडल्यास डिसअॅडव्हांटेज लागते, म्हणजे दोन फासे पडतात आणि त्यांतला लहान आकडा धरला जातो. पन्नास टक्क्यांची शक्यता त्यामुळे थेट पंचवीसवर येते. अशा वेळी जवळचे शस्त्र हाती घ्यावे किंवा शत्रूला ढकलून दूर करावे. उंच जागेवरून नेम धरल्यास +२ मिळतात आणि खालून वर नेम धरल्यास −२ होतात, म्हणून लढाई सुरू होण्यापूर्वीच माची किंवा कडा गाठणे मला फार मोलाचे वाटते. अंगावरचे चिलखत वापरण्याची प्रोफिशियन्सी नसली, तरीही डिसअॅडव्हांटेज लागते आणि मंत्रही म्हणता येत नाहीत, हे गेल या जादूगार सोबत्याला चिलखत चढवणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते.

‘ग्रेट वेपन मास्टर’ आणि ‘शार्पशूटर’ या विशेष कौशल्यांतली −५ ची अट (वाराच्या बेरजेतून ५ वजा, पण इजेत १० जादा) कायम चालू ठेवणे, ही चूक तर अनुभवी खेळाडूही करतात. +५ बोनस असलेल्या योद्ध्याला १५ आर्मर क्लासविरुद्ध ५५ टक्के शक्यता असते, ती या अटीने ३० वर घसरते. इजेत मिळणारे जादा १० गुण तेव्हा क्वचितच कामी येतात. शत्रूचा आर्मर क्लास कमी असेल किंवा अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरण्याची सवलत) मिळाले असेल, तेव्हाच ती अट चालू करावी.

‘ब्लेस’ हा मंत्र तिघांच्या प्रत्येक वारात चार बाजूंचा एक फासा वाढवतो, म्हणजे सरासरीने साडेबारा टक्क्यांची भर घालतो. तो टिकवण्यासाठी मात्र एकाग्रता लागते, आणि त्याच पात्राने एकाग्रतेचा दुसरा मंत्र म्हटल्यास ‘ब्लेस’ तत्क्षणी संपतो. एवढे करूनही वार चुकत राहिले, तर शत्रूवर कर्सर नेऊन दिसणारी टक्केवारी पाहावी आणि लढाईच्या नोंदीत त्या वाराची बेरीज उघडून कोणता आकडा कमी पडला ते तपासावे.