टीव्हीचा आवाज आपोआप वाढतो, मेनू उघडतो: खानापूरच्या पावसात सापडलेलं कारण

हात न लावता आवाज वाढायचा, मग सोर्सचा मेनू उघडायचा. झड लागली की जास्तच.

रिमोटचे सेल काढले, वायफाय आणि एचडीएमआय-सीईसी (केबलने जोडलेल्या उपकरणांवरून टीव्ही चालवायची सोय) बंद केलं, फॅक्टरी रीसेट केला. फरक शून्य. मेकॅनिक म्हणे, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या की ओ." डोकं फिरलं.

सेल काढूनही चालूच, म्हणजे रिमोट निर्दोष. दोष टीव्हीच्या खालच्या बटणांत होता. बऱ्याच टीव्हींत ही बटणं एकाच वायरवर असतात. व्होल्टेजवरून कुठलं दाबलं ते कळतं. ओल शिरली की करंट झिरपतो आणि टीव्हीला बटण दाबल्यासारखं वाटतं.

वॉरंटी संपली असेल तरच उघडा. प्लग काढून १५ मिनिटं थांबा. टीव्ही जाड चादरीवर पालथा घालून मागचं झाकण काढा. पॉवर सप्लायला हात नको, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. बटणांच्या पट्टीचा कनेक्टर काढा, झाकण लावा, मग टीव्ही चालू करा. आवाज, मेनू आपोआप हलले नाहीत तर दोष तिथेच. पुन्हा प्लग काढून, थांबून, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसा, पूर्ण वाळल्यावर जोडा. तरीही त्रास असेल तर बटणंच बदला. कनेक्टर कायमचा काढून ठेवायचा असेल तर आधी रिमोट चालतो का बघा; काही टीव्हींत रिमोटचा सेन्सर त्याच पट्टीवर असतो.